ठरावीक शुल्काची एक्सपंजमेंट सेवा : न्यू जर्सीतील एका ग्राहकाचा अभिप्राय

मध्य न्यू जर्सीतील एका वकिली कचेरीकडून मी २०२१ साली माझ्या नावावरची फौजदारी नोंद एक्सपंज करून घेतली, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाने सरकारी दप्तरांतून बाजूला काढून घेतली. कचेरीचे नाव मी मुद्दामच देत नाही, कारण पुढे तिच्याविषयी तक्रारीचे दोन मुद्दे येणार आहेत आणि ते या धंद्यातील बऱ्याच जणांना लागू पडावेत असा मला संशय आहे. अभिप्राय लिहायला एवढी वर्षे घेतली याबद्दल मला खंत नाही. आदेश हाती आला त्या दिवशी मी डोळे झाकून पाच तारे दिले असते; परंतु या सेवेचा कस पुढे नोकरीच्या पडताळणीत आणि नागरिकत्वाच्या अर्जात लागतो, आणि त्या दोन्ही गोष्टींतून गेल्यावर माझे मत बरेच बदलले आहे.

आधी प्रकरण काय होते ते सांगतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये एका मोठ्या दुकानात सेल्फ-चेकआउटवर ६४ डॉलरचा माल स्कॅन न होता माझ्या कार्टच्या तळाशी राहिला आणि दारातच मला थांबवण्यात आले. ते विसरणे होते की कंटाळा, याचा हिशोब मी माझ्याशी केला आहे. वाचकाला त्याचा उपयोग नाही. न्यू जर्सीत दोनशे डॉलरच्या आतल्या मालाचे शॉपलिफ्टिंग हा ‘डिसऑर्डर्ली पर्सन्स ऑफेन्स’ धरला जातो. राज्याचा कायदा त्याला ‘क्राइम’ म्हणत नाही, खटला गावच्या म्युनिसिपल कोर्टात चालतो आणि कैदेची कमाल मर्यादा सहा महिन्यांची असते. मात्र शॉपलिफ्टिंगच्या अटकेत बोटांचे ठसे घेतले जातात, आणि ठसे घेतले गेले की नोंद गावच्या ठाण्यात थांबत नाही. ती राज्य पोलिसांकडे आणि तेथून एफबीआयकडे जाते. दुकानाच्या वकिलाचे दीडशे डॉलरचे मागणीपत्र वेगळे आले, ते भरून टाकले.

म्युनिसिपल कोर्टातील माझ्या वकिलाने ‘कंडिशनल डिसमिसल’चा मार्ग सुचवला. २०१४ पासून उपलब्ध असलेल्या या सवलतीत पहिल्यांदाच सापडलेल्या माणसाने गुन्हा कबूल करायचा, न्यायाधीशांनी दोषसिद्धीचा हुकूम न लिहिता त्याला वर्षभर देखरेखीखाली ठेवायचे आणि वर्ष सुरळीत गेले की तक्रार काढून टाकायची, अशी रीत आहे. जानेवारी २०१९ मध्ये मी कबुली दिली आणि जानेवारी २०२० मध्ये तक्रार निकाली निघाली. त्यानंतर सहा महिने थांबले की एक्सपंजमेंटचा अर्ज करता येतो. पण तोवर करोनाने सगळ्यांनाच घरी बसवले होते, आणि मी त्या कचेरीला फोन केला तेव्हा २०२१ चा मार्च उजाडला होता.

पुण्याला वकिली करणाऱ्या माझ्या मेहुण्याला मी हे सगळे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “भावोजी, सरळ हायकोर्टात जाऊन क्वॅश करून घ्या ना!” आपल्याकडे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८२ खाली, आणि आता नव्या संहितेच्या कलम ५२८ खाली, गुन्हा रद्द होतो तो न्यायालयाच्या अंगभूत अधिकारात, आणि रद्द झाल्यावरही निकालपत्र बहुधा नावानिशी संकेतस्थळावर राहते. न्यू जर्सीची कल्पना निराळी आहे. तिथे घडलेली गोष्ट चुकीची होती असे कोणी म्हणत नाही. तिची कागदपत्रे न्यायालये, पोलीस, तुरुंग आणि सरकारी वकील यांच्या दप्तरांतून काढून वेगळी ठेवावीत आणि ती गोष्ट घडलीच नाही असे मानावे, एवढेच कायदा सांगतो. ‘पुसणे’ हा शब्द आपण सोयीसाठी वापरतो, पण कागद जाळले जात नाहीत, ते बाजूला ठेवले जातात. पोलीस खात्यात, तुरुंग खात्यात किंवा न्यायालयात नोकरी मागायला गेलात तर ही जुनी गोष्ट सांगावीच लागते. हे बारकावे कचेरीच्या पॅरालीगल, म्हणजे वकिलाच्या सहायक, बाईंनी पहिल्याच फोनवर न विचारता समजावून सांगितले, आणि त्याबद्दल त्यांना पूर्ण गुण द्यायला हवेत.

गुण देण्यासारखे आणखीही बरेच होते. अर्जात अटकेची तारीख, कलम, मूळ तक्रारीचा क्रमांक, निकालाची तारीख आणि स्वरूप हे सगळे अचूक लागते. मी वर्षानुवर्षे जो क्रमांक तक्रारीचा म्हणून जपून ठेवला होता तो दुकानाच्या अंतर्गत अहवालाचा निघाला. बाईंनी तो पाहताक्षणी ओळखला, मला बोटांचे ठसे देऊन स्वतःचा पूर्ण गुन्हेगारी इतिहास मागवायला लावला आणि तो हाती येईपर्यंत अर्जाला हात लावला नाही. त्या तीन आठवड्यांत मी चिडून दोनदा फोन केला, हे आज कबूल करतो. एक क्रमांक चुकला तर आदेश चुकीच्या कागदावर निघतो आणि खरा कागद जागेवरच राहतो, हे मला तेव्हा उमजले नव्हते.

अर्ज एप्रिल २०२१ मध्ये सुपीरियर कोर्टात, म्हणजे म्युनिसिपल कोर्टाच्या वरच्या न्यायालयात, दाखल झाला. त्याची प्रत राज्य पोलीस, अॅटर्नी जनरल, काउंटीचे सरकारी वकील, गावचे पोलीसप्रमुख आणि म्युनिसिपल कोर्ट यांना पोचवावी लागते, कोणाची हरकत असेल तर ती यायला वेळ द्यावा लागतो. माझ्या बाबतीत हरकत आली नाही आणि मला एकदाही न्यायाधीशांपुढे उभे राहावे लागले नाही. ऑगस्टमध्ये आदेश आला.

आता पैशांचे. जाहिरातीत ‘ठरावीक शुल्क ८९५ डॉलर’ असे होते. बिलात ८९५ अधिक ‘कोर्ट फायलिंग फी’ ७५ अधिक टपालखर्च ६० अशी एकूण १,०३० डॉलरची बेरीज होती. टपालाचे मी समजू शकतो. परंतु तत्कालीन गव्हर्नर फिल मर्फी यांनी डिसेंबर २०१९ मध्ये सही केलेला आणि जून २०२० पासून अमलात आलेला जो सुधारणा कायदा आहे, त्याने एक्सपंजमेंटच्या अर्जावरचे शुल्क रद्दच केले आहे. म्हणजे राज्य जे पैसे मागत नव्हते ते कचेरी राज्याच्या नावाने मागत होती. मी तसे पत्र लिहिले, आठवड्यात ७५ डॉलर परत आले, सोबत ‘जुना नमुना वापरला गेला’ असा खुलासाही आला. खुलासा खराही असेल. पण ज्यांनी पत्र लिहिले नाही त्यांचे ७५ डॉलर कुठे गेले, हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही.

इथे कोणीही विचारील की वकील मुळात हवा कशाला. न्यू जर्सीच्या न्यायव्यवस्थेने स्वतःच अर्जाचे संपूर्ण पुस्तक, नमुन्यांसह, फुकट उपलब्ध केलेले आहे. ई-कोर्ट्स या ऑनलाइन यंत्रणेत वकिलाशिवाय अर्ज भरण्याची सोय आहे, आणि ती यंत्रणा न्यायालयाच्या नोंदींतून तुमची प्रकरणे शोधून अर्ज नि आदेशाचा मसुदा तयार करून देते. उत्पन्न कमी असलेल्यांसाठी लीगल सर्व्हिसेस ऑफ न्यू जर्सीची मदत आहे. तेव्हा एकच प्रकरण, एकच गाव आणि निकालाचा कागद हाती, अशी स्थिती असेल तर इंग्रजी बऱ्यापैकी वाचणाऱ्या माणसाला हे काम स्वतः करता यावे असे माझे प्रामाणिक मत आहे. ज्याला नुसतीच अटक झाली आणि पुढे काही कबुली न देता प्रकरण निकाली निघाले, त्याला तर थांबण्याचेही कारण नाही. सुपीरियर कोर्टातील असे प्रकरण निकाली काढतानाच न्यायालयाने एक्सपंजमेंटचा आदेश द्यायचा असतो आणि म्युनिसिपल कोर्टात तो मागून घ्यायचा असतो.

वकिलाचे पैसे सार्थकी लागतात ते गुंतागुंत असेल तेव्हा. किरकोळ गुन्ह्यातील दोषसिद्धीनंतर साधारण पाच वर्षे थांबावे लागते, पण तीन वर्षांनीही न्यायालयाला विनंती करता येते. मोठ्या गुन्ह्यांतही पाचाऐवजी चार वर्षांनी, सबळ कारणे दाखवून, अर्ज करता येतो. अशा अर्जांत युक्तिवाद लागतो. अनेक प्रकरणे असलेल्यांसाठी शेवटच्या दोषसिद्धीला आणि शिक्षेच्या पूर्ततेला दहा वर्षे झाल्यावर सगळे एकाच अर्जात साफ करण्याची ‘क्लीन स्लेट’ची तरतूद २०१९ च्याच कायद्याने आणली. खून, अपहरण, दरोडा, जाळपोळ असे गुन्हे मात्र यातून कायमचे वगळलेले आहेत.

आपल्या लोकांत सर्वांत जास्त गैरसमज दिसतो तो दारू पिऊन गाडी चालवण्याविषयी. न्यू जर्सीत तो गुन्हा फौजदारी संहितेत नसून वाहतुकीच्या कायद्यात येतो. ऐकणाऱ्याला वाटते, बरे झाले, वाचलो. प्रत्यक्षात वाहतुकीच्या कायद्यातील नोंदी एक्सपंज होतच नाहीत. त्यामुळे ६४ डॉलरच्या मालाची नोंद जाते आणि दारूच्या गाडीची जन्मभर राहते. माझ्या कचेरीच्या जाहिरातीत याचा उल्लेख अगदी तळाशी, बारीक अक्षरांत होता. पण फोनवर असे प्रकरण सांगणाऱ्याला तिथल्या बाई पैसे न घेता परत पाठवतात, हे एका परिचिताच्या अनुभवावरून मला ठाऊक आहे.

दुसरा गैरसमज राज्याच्या हद्दीचा. जर्सी सिटीत राहून मॅनहॅटनमध्ये नोकरी करणाऱ्याला अटक न्यूयॉर्कमध्ये झाली असेल तर न्यू जर्सीच्या न्यायालयाच्या हाती काही नाही. न्यूयॉर्कचा कायदा वेगळा आहे, तिथे नोंद ‘सील’ होते. नोव्हेंबर २०२४ पासून अमलात आलेल्या त्यांच्या क्लीन स्लेट कायद्याप्रमाणे पात्र किरकोळ गुन्ह्यांना तीन आणि मोठ्या गुन्ह्यांना आठ वर्षांनी ती आपोआप झाकली जायची असून, त्याची यंत्रणा उभारायला न्यायालयांना आणखी तीन वर्षांची मुदत दिलेली आहे. स्वयंचलित पद्धतीचा पहिला कायदा पेनसिल्व्हेनियाने २०१८ मध्ये केला. तीन शेजारी राज्ये आणि तीन तऱ्हा. फोन उचलल्यावर पहिला प्रश्न ‘अटक कुठल्या राज्यात झाली’ हाच असायला हवा, आणि माझ्या कचेरीने तो विचारला होता.

आदेश निघाला म्हणजे नोंद गेली, असेही समजू नये. आदेशाची अंमलबजावणी प्रत्येक दप्तराने आपापली करायची असते, आणि हा विलंब किती वाढला होता याची कल्पना यावरून यावी की २०२३ मध्ये गरीब आरोपींना वकील पुरवणाऱ्या राज्याच्याच पब्लिक डिफेंडर कार्यालयाने या कारणासाठी राज्य पोलिसांवर दावा दाखल केला. शिवाय खाजगी पडताळणी कंपन्या न्यायालयांच्या नोंदी आधीच घाऊक विकत घेऊन ठेवतात आणि त्यांच्या संगणकातून काही आपोआप जात नाही. २०२२ मध्ये एका बँकेच्या प्रकल्पावर जाताना माझ्या अहवालात जुने प्रकरण ‘निकाली’ अशा शेऱ्यासह उगवलेच. अशा कंपन्यांना पत्रे पाठवण्याची जोडसेवा कचेरी १४९ डॉलरना देत होती आणि मी ती नाकारली होती. मी आदेशाची प्रत जोडून स्वतःच हरकत नोंदवली. अशा अहवालांविषयीच्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग अॅक्टप्रमाणे कंपनीला साधारण तीस दिवसांत तपासणी करावी लागते, माझे काम त्याआधीच झाले. जोडसेवा वाईट आहे असे मी म्हणणार नाही, पण तीत एका पत्रापलीकडे काही नाही.

आता मुख्य तक्रार. कचेरीच्या माहितीपत्रकात ठळक अक्षरांत आश्वासन होते की आदेशानंतर ‘अटक झाली होती का’ या प्रश्नाला तुम्ही नाही असे उत्तर देऊ शकता. राज्याच्या कायद्यापुरते, वर सांगितलेले अपवाद सोडून, ते बरोबरच आहे. परंतु फोन करणाऱ्यांत माझ्यासारखे ग्रीन कार्डवाले आणि एच-१बीवाले किती असतात हे एडिसन-आयसेलिनच्या भारतीय वस्तीच्या परिसरात व्यवसाय करणाऱ्या कचेरीला ठाऊक नसेल, हे मानणे कठीण आहे. संघराज्याचा इमिग्रेशन कायदा राज्याची ही विस्मृती मानत नाही. अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, १९९६ मध्ये ‘दोषसिद्धी’ची जी व्याख्या केली तिच्यात गुन्ह्याची कबुली आणि न्यायालयाने घातलेले काही ना काही बंधन, एवढे दोन घटक पुरतात, म्हणून माझे कंडिशनल डिसमिसल राज्याच्या दृष्टीने दोषसिद्धी नसले तरी इमिग्रेशनच्या दृष्टीने आहे. आणि पुनर्वसनासाठी राज्याने नंतर नोंद पुसली तरी ती दोषसिद्धी इमिग्रेशनपुरती कायम राहते, असे बोर्ड ऑफ इमिग्रेशन अपील्सने १९९९ मध्येच ठरवलेले आहे. नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात तर कधीही अटक झाली होती का असा प्रश्न असतो, आणि नोंद सील वा एक्सपंज झालेली असली तरी ती सांगावी असे स्पष्ट बजावलेले असते. माहितीपत्रक खरे मानून तिथे ‘नाही’ लिहिले असते तर मूळ चुकीपेक्षा ते खोटे उत्तरच मला भोवले असते.

२०२३ मध्ये मी आयसेलिनमधील इमिग्रेशन वकील बाईंकडे गेलो. त्यांनी शांतपणे समजावले की कमाल शिक्षा सहा महिन्यांचीच असल्याने या एका प्रकरणामुळे ग्रीन कार्डला धोका नाही, कृत्याला पाच वर्षे उलटू द्या आणि मग अर्ज करा. मग त्यांनी विचारले, “डिस्पोझिशनची, म्हणजे खटल्याच्या निकालाची, सही-शिक्क्याची नक्कल आहे ना?” मी म्हणालो, कोर्टातून आणतो. म्युनिसिपल कोर्टाच्या खिडकीवर माझे नाव सांगितले. तिथल्या कर्मचाऱ्याने यंत्रात पाहिले आणि या नावाचे काहीच नाही असे सौजन्याने सांगितले. कायद्याप्रमाणे त्याने तेच सांगायचे असते. हेच ऐकण्यासाठी मी साडेनऊशेच्या वर डॉलर मोजले होते, आणि आता तेच ऐकून पोटात गोळा आला. एक्सपंज झालेले कागद पाहायचे तर सुपीरियर कोर्टात वेगळा अर्ज करावा लागतो, सबळ गरज दाखवावी लागते, आणि कायद्याने त्याचे दार बरेच अरुंद ठेवले आहे.

कागद मिळाला तो माझ्या हुशारीने नव्हे. माझे सासरे साताऱ्याच्या तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. जानेवारी २०२० मध्ये तक्रार निकाली निघाल्याचे त्यांना फोनवर सांगितले तेव्हा त्यांनी अभिनंदन वगैरे न करता एवढेच म्हटले होते, “जावईबापू, तोंडी निकालाला अर्थ नसतो, आजच सही-शिक्क्याची नक्कल काढून ठेवा.” म्हाताऱ्याचे मन मोडू नये म्हणून बायकोने कोर्टातून एक नक्कल आणली, आणि पासपोर्ट, लग्नाचा दाखला, मुलाच्या लसीकरणाचे कार्ड असलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ती तीन वर्षे पडून होती. तहसील कचेरीच्या दप्तरात आयुष्य काढलेल्या माणसाला जे एका फोनमध्ये सुचले ते, रोज हेच काम करणाऱ्या कचेरीला मला सांगावेसे वाटले नाही. अर्ज दाखल करण्याआधी प्रमाणित नकला काढून ठेवा, हे एक वाक्य त्यांच्या प्रश्नावलीत घालायला शाईचाही खर्च आला नसता.

मी तसे त्यांना लिहून कळवले. उत्तर आले की इमिग्रेशनविषयक सल्ला कराराच्या कक्षेबाहेर असल्याचे दुसऱ्या पानावर नमूद आहे. ते आहे, मी पाहिले. सल्ला देऊ नका, पण ‘तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का’ एवढे तरी विचारा, असे माझे म्हणणे होते. त्यावर उत्तर आले नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या पडिया खटल्यात, कबुलीमुळे देशाबाहेर जावे लागण्याचा धोका असल्यास बचावाच्या वकिलाने तो अशिलाला सांगितला पाहिजे असे ठरवले. तो नियम कबुलीच्या वेळचा आहे. नोंद पुसणाऱ्या कचेरीवर तो थेट येत नाही, आणि ही मंडळी नेमकी त्याच फटीत उभी आहेत.

मी पाचपैकी तीन तारे देतो. काम नीटनेटके, क्रमांकांबाबत काटेकोर आणि वेळेत झाले. राज्याने रद्द केलेले शुल्क बिलात लावले, आणि ग्राहक कोण आहे हे विचारले नाही. इथे जन्मलेल्या कोणाला या कचेरीकडे पाठवायला माझी हरकत नाही. ग्रीन कार्ड किंवा व्हिसावर असलेल्याने आधी इमिग्रेशन वकिलाकडे जावे, शक्य असेल तर मूळ खटल्यात कबुली देण्याच्याही आधी, म्हणजे कबुलीशिवाय प्रकरण मिटते का ते पाहता येईल. आणि एक्सपंजमेंटचा अर्ज भरण्यापूर्वी कोर्टातून किमान तीन नकला काढाव्यात.

माझी एकच होती. २०२४ च्या सुरुवातीला न्यूअर्कला झालेल्या नागरिकत्वाच्या मुलाखतीत अधिकाऱ्याने ती वाचली, दोन प्रश्न विचारले आणि फायलीला लावून टाकली. घरच्या पिशवीत आता तिची झेरॉक्स आहे, तीवर शिक्क्याचा उठाव उमटलेला नाही.